'पोचलास की फोन कर': आईची न थांबणारी काळजी, घरच्यांनी नेमकं काय करायचं?

गोदाकाठ

आई ६१ वर्षांची आहे, नाशिकला आमच्याजवळ राहते. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. दर पंधरा दिवसांनी शनिवारी मोटरसायकलने घरी येतो. तो चाकणहून निघाला की सिन्नर ओलांडेपर्यंत आईचे आठ-दहा फोन होतात. गाडी चालवताना तो उचलू शकत नाही, मग मला फोन: "अगं, त्याने उचलला नाही." मग त्याच्या रूममेटला. मधल्या वेळात व्हॉट्सअॅपवर त्याचं 'लास्ट सीन' बघणं चालूच. तो दारात आला की पंधरा मिनिटं बरी असते, लगेच रविवारच्या परतीची काळजी सुरू.

फक्त गाडीचंही नाही. बाबांचं बीपी, भाचीचा ताप, फ्लॅटचा हप्ता, गॅसचा नॉब. एक विषय मिटला की दुसरा तयार. जवळजवळ दोन वर्षं असं चाललंय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मान-खांदे आखडलेले, पोटात गोळा.

आम्ही सगळे "काही होणार नाही, विचारच करू नकोस" सांगून थकलो. ती स्वतःच म्हणते, "मन चिंती ते वैरी न चिंती, कळतंय मला, पण थांबत नाही." घरात नेमकं काय करायचं, किती दिवस, आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं? आमचं काही चुकतंय का, तेही सांगा.

वेदवती (समुपदेशक)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घोडं तिथेच अडलंय. तुमची माया कुठेही कमी पडलेली नाही. पण "काही होणार नाही" हे उत्तर आणि आईचा प्रत्येक फोन, ही दोन्ही त्या काळजीचं खाद्य आहेत.

एकच फेरा जवळून बघा. भाऊ निघाला. आईच्या मनात 'ट्रकने उडवलं तर?' येतं. छातीत धडधड. फोन लावला, त्याने उचलला, "मंचरला आहे गं आई." धडधड पाच मिनिटांत उतरली. मेंदूने यातून 'मुलगा सुखरूप होता' हा धडा घेतलाच नाही. त्याने धडा घेतला तो असा की 'फोन केला म्हणून बरं वाटलं'. त्यामुळे पुढची शंका आली की हात आपोआप फोनकडे जातो, आणि फोन न करता ती शंका किती वेळ टिकली असती हे आईला कधी कळतच नाही. खरं तर ती चढते, थोडा वेळ टिकते आणि आपसूक उतरते. आईने तो उतार अजून पाहिलेलाच नाही.

म्हणून 'विचार बंद कर' हे उद्दिष्टच सोडा. डॅनिअल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मुभा दिल्यावर तर जास्तच आलं. विचार येणं आईच्या हातात नाही. आल्यावर जे केलं जातं, म्हणजे फोन, लास्ट सीन, पुन्हा पुन्हा विचारणं, ते मात्र कमी करता येतं.

ते असं करा. दुपारच्या निवांत वेळी, भाऊ रस्त्यावर नसताना, आईबरोबर बसा. भावालाही फोनवर घ्या. एकदम सगळं बंद करायचं नाही. पहिल्या फेरीला तीन संपर्क: निघताना एक मेसेज, नारायणगावला चहाला थांबला की एक, पोचल्यावर घरी. हे तीनही तो करणार, आई फोन लावणार नाही. दुसऱ्या फेरीला नारायणगाव गाळायचं. तिसऱ्या फेरीला निघाल्याचा मेसेजही नाही, 'दुपारी चारपर्यंत येतो' एवढं आदल्या दिवशी सांगायचं. तो पंधरा दिवसांनी येतो म्हणजे सराव फार विरळ होतो, म्हणून मधल्या दिवसांत त्याच्या ऑफिसच्या ये-जा करण्यावरही हेच लावा. रोज संध्याकाळचा 'पोचलास का' फोन आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा.

खऱ्या अडचणीचा नियम आधीच ठरवून ठेवा, नाहीतर आईला हे धोकादायक वाटेल आणि ते रास्तच आहे. गाडी पंक्चर झाली किंवा उशीर होणार असेल तर भाऊ स्वतः कळवेल. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास उलटले तर आईने एक फोन करायचा. त्याच्या आत नाही.

त्या वाट बघण्याच्या वेळात आईच्या हातात कागद द्या. दर दहा मिनिटांनी अस्वस्थता शून्य ते दहामध्ये किती, एवढा आकडा लिहायचा. आकडा आधी वर जाईल. आठ, नऊ. तेव्हा घाबरून फोन हातात देऊ नका. तो खाली येताना तिने स्वतःच्या अक्षरात पाहिला पाहिजे, या सगळ्या खटाटोपाचं मोल त्या कागदात आहे.

आता चुका कुठे होतात ते. सगळ्यात वाईट म्हणजे भाऊ आठ फोन उचलत नाही आणि वैतागून नववा उचलतो. त्यातून आई शिकते की नऊ वेळा लावला की लागतो. त्यापेक्षा पहिलाच उचललेला परवडला. दुसरं, फोन बंद झाले की तपासणी दुसऱ्या वाटेने शिरते: रूममेट, लास्ट सीन, टीव्हीवरच्या अपघाताच्या बातम्या. भावाने लास्ट सीन सरळ बंद करावं, रूममेटला कल्पना द्यावी. आणि सोय म्हणून लाइव्ह लोकेशन तर मुळीच सुरू करू नका. त्यात आईला दिवसभर बघायला एक ठिपका मिळतो, आणि ठिपका दोन मिनिटं थांबला की नवी काळजी.

आईने "सुखरूप येईल ना गं?" विचारलं तर गप्प बसू नका, ते तिला तुटक वाटेल. असं म्हणा: "आई, याचं उत्तर दिलं तर अर्ध्या तासाने तू परत विचारशील. उत्तर नाही देत, पण तुझ्याजवळ बसते. चल, मेथी निवडू." आवाज मऊ, वाक्य तेच, दर वेळी तेच. घरातल्या चौघांनी चार वेगळी उत्तरं दिली तर आई ज्याच्याकडून हवं ते उत्तर मिळतं त्याच्याकडे जाणार.

दीपस्तंभ

वेदवतींनी भावाच्या फेऱ्यांचं छान सांगितलंय. पण बीपी, ताप, हप्ता, नॉब असे विषय बदलत राहतात त्यासाठी 'काळजीची वेळ' ठरवणं जास्त उपयोगी पडेल. ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने १९८३ साली मांडली. त्यांनी अर्धा तास सुचवला होता, घरात सुरुवातीला वीस मिनिटं पुरतात.

वेळ रोज एकच. संध्याकाळी साडेपाच चांगली. रात्री नऊनंतर नको, कारण तेच विचार घेऊन अंथरुणावर जाणं होतं. जागाही एकच, पण पलंग नाही, नेहमीची आवडती खुर्ची नाही, देवघरासमोर तर नाहीच. जेवणाच्या टेबलाची भिंतीकडची खुर्ची चालेल. उद्देश हा की काळजीला घरात एक ठरलेली जागा मिळावी आणि बाकीचं घर मोकळं व्हावं.

दिवसभरात काळजी आली की ती छोट्या वहीत तीन-चार शब्दांत टिपायची. 'बाबा, बीपी.' 'हप्ता, पाच तारीख.' वाक्य लिहायचं नाही, कारण वाक्य सुरू झालं की काळजीही सुरू झाली. टिपलं की मनात म्हणायचं 'साडेपाचला बघू' आणि हातातलं काम पुढे चालू. विचार परत येईल, वीसदा येईल. वीसदा तेच म्हणायचं. परत आला म्हणजे पद्धत फसली असं नाही, मन परत कामावर आणणं हाच सराव आहे.

साडेपाचला अलार्म लावून वही उघडायची. बऱ्याच नोंदी तोवर शिळ्या झालेल्या असतात, त्यांच्यावर सरळ काट मारायची. उरलेल्या प्रत्येक नोंदीला एक प्रश्न: यात आज-उद्या हाताने करण्यासारखं काही आहे का?

असेल तर ते काम लिहायचं, कोण करणार आणि कधी यासकट. 'हप्त्याचं बघायला पाहिजे' ही पुन्हा काळजीच झाली. 'गुरुवारी अकराला बँकेत जाऊन ऑटो डेबिट चालू आहे का विचारणे' हे काम झालं. बाबांच्या बीपीचंही तसंच. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मनात आलं की पट्टा बांधायचा असं नाही. वारंवार मोजून बाबांनाही धास्ती बसते आणि आकडा खरोखर वर दिसतो.

करण्यासारखं काही नसेल, नुसतं 'असं झालं तर', तर तिथे पुरावे देत वाद घालू नका. अशा काळजीच्या मुळाशी अनिश्चितता सहन न होणं असतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगास यांनी १९९०च्या दशकापासून यावरच काम केलं आहे. आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत ओळखीची झालेली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धतही वेगळ्या वाटेने जवळच येते: 'मुलगा सुखरूप असावा' ही इच्छा निरोगी आहे, 'सुखरूप असल्याची मला आत्ता, शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट त्रास देतो. वहीत आईने असं लिहावं: 'तो सुखरूप यावा असं मला मनापासून वाटतं. खात्री कोणालाच मिळत नाही, मलाही नाही. ती नसताना मी आत्ता स्वयंपाक करू शकते.' गुळगुळीत सुविचार लिहू नका. 'सगळं छानच होईल' हे मनाला खोटं वाटतं, आणि मन लगेच उलटतपासणी सुरू करतं.

वीस मिनिटं झाली की मध्येच असलात तरी वही बंद. लगेच अंगाला हालचाल देणारं काही: भाजी आणायला जाणं, झाडांना पाणी, कपडे घड्या करणं. टीव्हीसमोर बसू नका.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'आज काही सुचतच नाही' होतं आणि लोक सोडून देतात. तरी बसायचं, रिकामी वही समोर ठेवून वीस मिनिटं. आणि चांगला दिवस गेला की 'आज कशाला' होतं. किमान तीन आठवडे एकही दिवस न गाळता करा, मगच ठरवा उपयोग आहे की नाही.

गॅसच्या नॉबसाठी वेगळं सांगतो. रात्री एकदाच, हात लावून, नॉब फिरवून, मोठ्याने "बंद" म्हणायचं आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा. परत जाऊन बघायचं नाही, नॉबचा फोटोही काढून ठेवायचा नाही. जितक्या वेळा बघावं तितकी 'आत्ता बघितलं की मघाशी' ही आठवण धूसर होत जाते, म्हणून पाचव्यांदा बघूनही खात्री पटत नाही.

गोदाकाठ

खूप आभार. फोनचं वाचून अंगावर काटा आला, नववा फोन उचलणं हे आमच्याकडे अगदी असंच चालतं. दोन शंका. आई जप करते, रोज सकाळी एक माळ. पण हल्ली भाऊ रस्त्यावर असला की तो घरी येईपर्यंत जप. हा चालू ठेवावा का? आणि "दीर्घ श्वास घे" सांगितलं तर ती म्हणते त्याने चक्कर येते, हातांना मुंग्या येतात. असं का?

वेदवती (समुपदेशक)

सकाळची माळ अजिबात बंद करू नका. तो तिचा आधार आहे, काळजीच्या आधीपासूनचा, ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि १०८ मण्यांना संपतो.

रस्त्यावरचा जप वेगळा आहे का, हे ओळखायला आईला मायेने तीन गोष्टी विचारा. तो शंका आली की सुरू होतो का? मध्येच उठावं लागलं तर 'आता काही झालं तर माझ्यामुळे' असं वाटतं का? 'नीट झाला नाही' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो का? तिन्हीला 'हो' असेल तर तो जप फोनचंच काम करतोय. त्यावर श्रद्धेची चर्चा सुरू करू नका, आई दुखावेल आणि मुद्दा बाजूला राहील. एवढंच ठरवा की त्या दिवशीही जप सकाळीच, एक माळ. जमणं फार जड जात असेल, किंवा नॉब, मोजणं, पुन्हा पुन्हा करणं यातच रोज तासभर जात असेल, तर ते तज्ज्ञाला मुद्दाम सांगा. मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे उपचार थोडे वेगळे असतात.

औषधवेल (मानसोपचार तज्ज्ञ)

श्वासाचं आधी. 'दीर्घ श्वास' म्हटलं की लोक छाती भरून, भराभर श्वास घेतात. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्तातलं प्रमाण उतरतं आणि मुंग्या, चक्कर, ओठांना बधिरपणा येतो. मग त्याचीच भीती. श्वास खोल नको, संथ हवा. नाकाने चार आकडे मोजत नेहमीइतकाच आत, सहा आकडे मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दिवसातून दोनदा पाच मिनिटं, शांत असताना. घाबरल्यावरच करायचा ठेवला तर तोही 'हे केलं म्हणून वाचले' या खात्यात जमा होतो.

पहाटे जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. घड्याळाचं तोंड भिंतीकडे, मोबाइल खोलीबाहेर. उठायची वेळ रोज तीच, आणि दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत.

डॉक्टरकडे कधी, याचं उत्तर: आत्ताच न्या, वरचे उपाय सुरू ठेवूनच. बहुतेक दिवस काळजी, सहा महिन्यांहून जास्त काळ, आवरता न येणारी, सोबत झोपमोड आणि स्नायूंचा ताण, एवढं झालं की 'स्वभावच तसा' म्हणून सोडून द्यायचं नसतं. जीएडी-७ नावाची, चिंता किती आहे ते मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तपासून घ्यावंच. ती निदान नव्हे, पण महिन्याने पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो.

आधी शरीर तपासू. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर, आणि धडधड असेल तर ईसीजी. थायरॉइड वाढलेलं असलं, किंवा थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असली, तर हुबेहूब अशीच धडधड आणि बेचैनी येते. दम्याच्या पंपानेही हात थरथरतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. चढ चढताना छातीत दुखणं किंवा नव्याने दम लागणं असेल तर काळजीच्या खात्यात टाकू नका, आधी हृदय. आणि दिवसाचे चहा मोजा. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. पाच-सहा कप असतील तर दोन-तीन दिवसांनी एक असे कमी करा, एकदम तोडले तर डोकं दुखतं.

औषधाची गरज लागलीच तर एसएसआरआय गटातली, म्हणजे चिंता आणि नैराश्यावर रोज घ्यायची गोळी सहसा पहिली दिली जाते. कमी मात्रेने सुरू करतात. पहिला आठवडाभर मळमळ, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते, आणि नेमकी तेव्हाच घरचे 'उलट वाढलं' म्हणून गोळी बंद करतात. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनाने एकदम थांबवल्या तर गरगरतं.

चटक लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची. शेजारणीला लागू पडली म्हणून किंवा जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नका. अर्ध्या तासात बरं वाटतं, आणि दुखणं तिथेच आहे: तीही वेदवतींनी सांगितलेल्या त्या फोनसारखीच शिकवण देते. शिवाय साठीनंतर तोल जाऊन पडण्याचा धोका. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात तेव्हा ती शेवटची तारीख विचारून घ्या. कोणी महिनोन्महिने रोज घेत असेल तर एका दिवसात बंद करू नये, झटके येऊ शकतात.

कुठे जायचं: जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, चौकशी करून वार विचारून जा. फोनवर आधी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आईच्या बोलण्यात "जगणं नको झालंय" असं काही आलं, जेवण सुटलं, किंवा ती सगळ्यातून अंग काढून घ्यायला लागली, तर वार-बीर बघू नका, त्याच दिवशी न्या.

दीपस्तंभ

एक राहिलं. फोन किती झाले याची नोंद आईनेच ठेवावी, तुम्ही नाही. तुम्ही मोजलेत तर तिला पाळत वाटेल. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात ती दुधाचा हिशेब लिहीत असेल तर त्याच्याच खाली एक आकडा: आज किती वेळा लावावासा वाटला, आणि तिरकी रेघ मारून किती वेळा लावला. पहिले काही दिवस १०/८, १०/७ असं दिसेल. डावा आकडा लवकर हलत नाही, त्याच्याकडे बघून खचू नका. आधी उजवा खाली येतो.

गोदाकाठ

भावाला आत्ताच सगळं वाचून दाखवलं. त्याने लास्ट सीन बंद केलंय आणि येत्या शनिवारी नारायणगावचा मेसेज ठरलाय. आईशी उद्या दुपारी आम्ही बोलतो. जिल्हा रुग्णालयात सोमवारी चौकशी करते, पिशवीत गोळ्या घालून.